रणांगणावरून परतलेल्यांची साक्ष



युद्धावरून परतलेला सैनिक जेव्हा सांगतो की, आमच्या तुकडीने निःशस्त्र माणसे मारली, तेव्हा ऐकणाऱ्याचा कौल बहुधा त्याच्या राजकीय मतांनी आधीच दिलेला असतो. युद्धविरोधी मनुष्याला ते तत्काळ पटते, राष्ट्राभिमान्याला तत्काळ खोटे वाटते. दोघांनीही साक्षीदाराला एकही प्रश्न विचारलेला नसतो. समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्याने या दोहोंपैकी पहिल्या घाईपासून अधिक सावध राहायला हवे, कारण ती त्याच्या स्वभावाला जवळची आहे. व्हिएतनाम युद्धाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. त्या युद्धातील सैनिकांच्या साक्षी ज्या काळी दिल्या गेल्या त्या काळी त्यांची खातरजमा होऊ शकली नव्हती. आज त्यांपैकी अनेकींची होऊ शकते, कारण अमेरिकी लष्कराचेच दप्तर उघडे झालेले आहे.

प्रथम माय लाय. १६ मार्च १९६८ रोजी क्वांग न्गाय प्रांतातील सोन मी गावात अमेरिकेच्या 'चार्ली कंपनी'ने हत्याकांड केले. व्हिएतनामी स्मारकावर ५०४ मृतांची नावे आहेत. अमेरिकी लष्कराने नंतर केलेली गणना ३४७ ची. त्या दिवशीचा लष्करी अहवाल मात्र असा होता की, शत्रूचे १२८ सैनिक ठार झाले आणि ३ शस्त्रे हाती आली. १२८ सैनिक आणि ३ शस्त्रे! एवढे दोन आकडे शेजारी ठेवून विचार करणारा एक जरी अधिकारी त्या साखळीत असता, तरी अहवालाचा खोटेपणा त्याच संध्याकाळी उघड झाला असता. हेलिकॉप्टर-वैमानिक ह्यू थॉम्प्सन याने तर गोळीबारात सापडलेल्या काही गावकऱ्यांना वाचवून त्याच दिवशी वरिष्ठांकडे तक्रारही केली होती. तरीही पुढच्याच महिन्यात ब्रिगेडच्या प्रमुखाने चौकशी आटोपली आणि निष्कर्ष काढला की, तोफांच्या माऱ्यात व चकमकीत अनवधानाने २० नागरिक मेले. सरकारी कागद हा सरकारी आहे एवढ्यावरून विश्वसनीय ठरत नाही. तोही एक साक्षीदारच असतो आणि पुष्कळदा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलणारा साक्षीदार असतो.

हे हत्याकांड बाहेर आले ते रॉन रायडेनहोर नावाच्या एका तरुणाच्या पत्रामुळे. हा तरुण माय लाय येथे हजर नव्हता, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. ज्यांनी ते पाहिले, केले, किंवा करण्याचे नाकारले अशा ओळखीच्या सैनिकांकडून त्याने ते टप्प्याटप्प्याने ऐकले. १९६८ सालातील उरलेले महिने तो अशा सैनिकांना गाठून विचारीत राहिला. मग घरी परतल्यावर, २९ मार्च १९६९ रोजी त्याने पत्र लिहिले आणि काँग्रेसचे सदस्य व शासनातील अधिकारी मिळून सुमारे ३० जणांना पाठविले. त्या पत्राचे बळ त्यातील संतापात नाही. आपण काय ऐकले, कोणाकडून ऐकले, कोणत्या सुमारास ऐकले, सांगणारा तेथे होता की नव्हता, हे सारे त्याने वेगवेगळे ठेवले. आपल्याला खात्रीने काय माहीत नाही, तेही लिहिले. शेवटी मागितले काय, तर चौकशी. निकाल त्याने स्वतः दिला नाही. ऐकीव माहितीला ती ऐकीव आहे असे म्हणूनच पुढे ठेवले, तर तिलाही किती वजन येते याचा हा नमुना आहे. त्यावरूनच चौकशी सुरू झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सीमोर हर्श या पत्रकाराने प्रकरण वृत्तपत्रांत आणले, रॉन हेबर्ले या लष्करी छायाचित्रकाराची चित्रे छापून आली, आणि जनरल पीअर्स यांच्या आयोगाने सुमारे ४०० साक्षीदार तपासले. त्या छायाचित्रांचीही एक कथा आहे. हेबर्लेजवळ दोन कॅमेरे होते. लष्कराच्या कॅमेऱ्यातील चित्रे लष्कराकडे गेली. जगाने पाहिली ती त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातील रंगीत चित्रे. मात्र सैनिक प्रत्यक्ष ठार मारीत असतानाची काही चित्रे आपण नष्ट केली होती, असे त्यानेच पुढे २००९ मध्ये सांगितले. म्हणजे छायाचित्रालाही निवड असते, आणि ती निवड करणाऱ्याला सोबत्यांची कीव येते.

शिक्षा झाली एकट्या लेफ्टनंट कॅलीला. २२ नागरिकांच्या खुनाबद्दल जन्मठेप. पैकी भोगली ती साडेतीन वर्षांच्या आसपासची नजरकैद.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९७० मध्ये मार्क लेन यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या मुलाखतींचे पुस्तक काढले. त्यात छळाची, बलात्काराची, हत्येची अंगावर शहारे आणणारी वर्णने होती. त्या पुस्तकाची झाडाझडती कोणी घेतली? युद्धाच्या समर्थकाने नव्हे. ती घेतली नील शीहान यांनी, ज्यांनी पुढल्याच वर्षी 'पेंटॅगॉन पेपर्स' मिळवून प्रसिद्ध केले, त्या शीहान यांनी. त्यांनी लष्करी नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा मुलाखत देणाऱ्यांपैकी काहींनी सांगितलेली लष्करी सेवा मुळात केलेलीच नव्हती असे आढळले. आपल्याला छळाचे खास शिक्षण मिळाले असे सांगणारा एक जण वस्तुतः अमेरिकेतल्याच एका तळावर कोठारात कारकुनी करीत होता. लेन यांनी या नोंदी पडताळण्याची गरजच मानली नव्हती. शीहान यांचा राग दुहेरी होता. व्हिएतनाममध्ये युद्धगुन्हे घडले आहेत आणि त्यांची गंभीर चौकशी व्हायला हवी, हे त्यांना ठाऊक होते. नेमके म्हणूनच हे सवंग पुस्तक त्यांना अक्षम्य वाटले. खोटा साक्षीदार उभा करणारा मनुष्य आपल्याच बाजूच्या खऱ्या साक्षीदारांना उघडे पाडीत असतो.

याची किंमत लगेच भरावी लागली. १९७१ च्या ३१ जानेवारीपासून तीन दिवस डेट्रॉइट येथे युद्धविरोधी माजी सैनिकांच्या संघटनेने 'विंटर सोल्जर' नावाची जाहीर चौकशी भरविली. शंभरावर माजी सैनिकांनी तेथे साक्षी दिल्या. संयोजकांनी लेन प्रकरणापासून धडा घेतला होता. साक्षीदाराची सेवामुक्तीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय त्याला व्यासपीठावर बसवायचे नाही आणि एका तुकडीतील सैनिकांना शक्यतो एकत्र बसवायचे, असा त्यांचा कटाक्ष होता. दुसरा पायंडा अधिक मोलाचा. ज्याच्या शेजारी त्याच पलटणीतले चार लोक बसले आहेत, त्याला थापा मारणे जड जाते.

परंतु त्यांनी आणखी एक निर्णय घेतला, आणि त्याविषयी आजही वाद घालता येईल. गुन्हा करणाऱ्या सहकाऱ्यांची नावे साक्षीदारांनी घ्यायची नाहीत, असे ठरले. यामागचा विचार समाजवाद्यांना सहज समजेल. दोष धोरणाचा आहे. शत्रूच्या प्रेतांची मोजदाद हेच विजयाचे माप मानणाऱ्या, संपूर्ण टापू 'मुक्त गोळीबार क्षेत्र' म्हणून घोषित करणाऱ्या सेनापतींचा आहे. मग गरीब घरातून आलेल्या सामान्य शिपायाला फासावर का चढवावे? कॅलीचा खटला तेव्हा चालूच होता आणि वरिष्ठ निसटत आहेत हे दिसत होते. विचार उदात्त होता, पण पुराव्याच्या दृष्टीने त्याने साक्षींचे हातपाय बांधले. ज्या आरोपात नाव नाही, त्याचा शोध कोण कसा घेणार? सिनेटर मार्क हॅटफील्ड यांनी त्या साक्षी काँग्रेसच्या दप्तरात घालून चौकशीची मागणी केली. लष्कराच्या अन्वेषकांनी काही साक्षीदारांना गाठलेही. पण पुष्कळांनी बोलण्याचे नाकारले, आणि त्यांचे हे मौनच पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. भांडवली लष्करशाहीच्या चौकशीवर विश्वास नसणे समजण्यासारखे आहे. तरीही आरोप जाहीर सभेत करायचा आणि त्याचा तपशील चौकशीत द्यायचा नाही, ही भूमिका फार काळ टिकणारी नव्हती.

टिकली नाही हे खरे; पण तिला पाडणाऱ्यांची साधनेही तपासून पाहिली पाहिजेत. १९७८ मध्ये गुंटर लेवी या अभ्यासकाने लिहिले की, नौदलाच्या अन्वेषण खात्याच्या अहवालानुसार डेट्रॉइट येथील काही साक्षीदार तोतये होते. दुसऱ्याच सैनिकांची नावे घेऊन ते बोलले. हे वाक्य तेव्हापासून शेकडो ठिकाणी उद्धृत झाले. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांच्याविरुद्ध ते पुन्हा बाहेर काढण्यात आले, कारण डेट्रॉइटच्या साक्षींचा हवाला देऊन २२ एप्रिल १९७१ रोजी सिनेटच्या समितीपुढे केरी बोलले होते. तेव्हा पत्रकारांनी मूळ अहवालाचा शोध घेतला. तो सापडला नाही. तो आपण स्वतः पाहिला होता की कोणी आपल्याला सांगितला होता, हे लेवी यांनाही आठवेना. सैनिकांच्या साक्षी ऐकीव म्हणून झिडकारणाऱ्यांचा मुख्य आधारच असा ऐकीव निघाला. जी कसोटी साक्षीला लावायची तीच साक्षीच्या खंडनालाही लावली पाहिजे, हा न्याय इतका साधा असूनही क्वचितच पाळला जातो.

डेट्रॉइटच्या व्यासपीठावर जेमी हेन्री नावाचा एक माजी वैद्यकीय सैनिक होता. त्याची हकीगत अशी की, ८ फेब्रुवारी १९६८ रोजी त्याच्या कंपनीने एका वाडीत १९ जणांना एकत्र करून गोळ्या घातल्या. मृतांत स्त्रिया व मुले होती. 'हालचाल करील त्याला मारा' असा हुकूम रेडिओवरून आल्याचे आपण ऐकले, असेही त्याने सांगितले. हे त्याने प्रथम लष्करातच सांगून पाहिले, तेव्हा त्याला गप्प राहण्याचा सल्ला मिळाला. सेवेतून मुक्त झाल्यावर, १९७० मध्ये, त्याने पत्रकार परिषद घेतली, एका मासिकात लेख लिहिला, लष्कराच्या अन्वेषकांना निवेदन दिले, आणि पुढच्या वर्षी डेट्रॉइटला साक्ष दिली. त्यानंतर काहीच घडले नाही. आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही अशाच समजुतीत तो आयुष्यभर राहिला.

वस्तुतः लष्कराने त्याची हकीगत सुमारे तीन वर्षे तपासली होती, त्याच्या कंपनीतील इतर सैनिकांना शोधून विचारले होते, आणि हेन्री खरे बोलतो आहे असा निष्कर्ष लिहून ठेवला होता. कोणावर खटला भरला नाही. हेन्रीला कळविलेही नाही. माय लायनंतर पेंटॅगॉनमध्ये युद्धगुन्ह्यांच्या आरोपांची नोंद ठेवणारा एक गट स्थापन झाला होता, त्याच्या दप्तरात हे कागद पडून राहिले. सुमारे ९,००० पानांचे ते दप्तर १९९४ मध्ये गोपनीयतेतून मुक्त झाले. पुढे निक टर्स या संशोधकाच्या ते हाती लागले, आणि २००६ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने त्यावर लेखमाला छापली. हेन्रीला आपल्या साक्षीचा निकाल कळला तो असा, वार्ताहरांच्या तोंडून, तीन तपांनंतर.

त्या दप्तरातील आकडे लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहेत. माय लाय वगळता ३२० घटना लष्करी अन्वेषकांनी स्वतः सिद्ध मानलेल्या आहेत. त्यांत ७ हत्याकांडे आहेत, ज्यांत किमान १३७ नागरिक मेले. आणि कैद्यांच्या वा स्थानबद्धांच्या छळाचे १४१ प्रसंग आहेत. २०३ सैनिकांविरुद्ध पुरावा आढळला, ५७ जणांना लष्करी न्यायालयापुढे उभे केले, २३ दोषी ठरले. याखेरीज पाचशेवर आरोप असे होते की जे सिद्ध होऊ शकले नाहीत. येथे दोन्हीकडून चूक होते. सिद्ध न झालेला प्रत्येक आरोप खोटा होता, असे एक पक्ष म्हणतो; तो खराच असणार, असे दुसरा. दप्तर यांपैकी काहीच म्हणत नाही. ते एवढेच सांगते की, ज्या संस्थेचे हित आरोप दडपण्यात होते, त्या संस्थेनेच ३२० वेळा 'होय' म्हटले. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली कबुली सर्वांत वजनदार, हे कायद्याचे जुने सूत्र येथे लागू पडते.

हेच सूत्र एकट्या सैनिकालाही लावता येते, पण जपून. क्रौर्याची कबुली देणारा मनुष्य स्वतःचे नुकसान करून घेतो, म्हणून तो खरे बोलत असावा, असे वरवर वाटते. परंतु कबुलीलाही बाजार असतो. युद्धविरोधी सभेत कबुली देणाऱ्याला टाळ्या मिळतात, सहानुभूती मिळते, आणि ज्याने आयुष्यात रणांगण पाहिले नाही त्याला एकाएकी मोठेपण मिळते. इराक युद्धाच्या काळात एका तरुणाने आपण निवडक पथकातील सैनिक असून मशिदीत प्रार्थना करणाऱ्यांना मारल्याचे सांगितले. त्याची चित्रफीत युद्धविरोधी वर्तुळांत फिरली. प्रत्यक्षात प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्याला लष्करातून काढलेले होते. तो इराकला गेलाच नव्हता. २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली ती खोट्या कागदपत्रांवर सरकारी लाभ मागितल्याबद्दल. ज्या कार्यकर्त्यांनी त्याला डोक्यावर घेतले त्यांना त्याची सेवामुक्तीची पत्रिका पाहण्यास एक दिवसही लागला नसता. बी. जी. बर्केट या माजी सैनिकाने तर नुसत्या लष्करी नोंदी मागवून कितीतरी तोतयांना उघडे पाडले आणि १९९८ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. बर्केटची राजकीय अनुमाने पटण्याजोगी नाहीत. थोड्या तोतयांवरून तो अत्याचारांची सारी कहाणीच संशयित ठरवू पाहतो. त्याची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे.

अनुभवी मनुष्याला तोतयाच्या हकीगतीत काही खुणा दिसतात. तो नेहमी गुप्त पथकात असतो, त्यामुळे त्याच्या नोंदी 'सापडत नाहीत'. त्याच्या कथेत कंटाळा नसतो, चिखल नसतो, चुकलेली वाट नसते. ज्या दिवशी काहीच घडले नाही असे दिवस नसतात. गावाचे नाव नसते, महिना नसतो, पण संवाद मात्र शब्दशः आठवतात. खऱ्या साक्षीदाराचे बहुधा उलट असते. तो अडखळतो, एखाद्या क्षुल्लक वस्तूपाशी थांबतो, मधला भाग गाळतो, आणि 'तेव्हा मी कोठे होतो ते नीट आठवत नाही' असे म्हणतो. अर्थात या खुणांवर कोणाला खोटे ठरवता येत नाही. चतुर तोतया अडखळायलाही शिकतो.

स्मृतीची गोष्ट वेगळी. प्रामाणिक माणसाच्या स्मरणातही संख्या वाढते वा घटते, दोन दिवसांच्या घटना एका दिवसात मिसळतात, सोबत्याने पाहिलेले आपणच पाहिले असे वाटू लागते. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण 'माझा प्रवास'चे आहे. झाशीत इंग्रज फौजेने केलेली कत्तल गोडसे भटजींनी पाहिली, आणि लिहिली सुमारे पंचवीस वर्षांनी. शिवाय १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी ती छापताना तिच्यावर आपला हात फिरवला. मूळ संहिता वाचकांपुढे आली ती १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. म्हणजे सहा दशके मराठी माणूस साक्षीदार आणि संपादक यांचा मिश्र आवाज ऐकत होता. म्हणून भटजींची साक्ष टाकाऊ ठरत नाही. पण कोणते वाक्य कोणाचे, हा प्रश्न विचारावाच लागतो. सैनिकाची मुलाखत घेऊन ती 'व्यवस्थित' करून छापणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा काय करावे? फेब्रुवारी १९६९ मध्ये थान फाँग या गावी सात जणांच्या नौदल पथकाने रात्रीची मोहीम केली. पथकाचे प्रमुख बॉब केरी पुढे सिनेटर झाले. त्या मोहिमेच्या अहवालात शत्रूचे २१ ठार अशी नोंद होती आणि केरी यांना शौर्यपदक मिळाले. २००१ मध्ये कळले की, मृतांत स्त्रिया आणि मुले होती. हे स्वतः केरी यांनी मान्य केले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अंधारातून गोळीबार झाला व त्याला उत्तर देताना हे घडले. पथकातल्याच एका सैनिकाने सांगितले की, लोकांना एकत्र करून जवळून गोळ्या घातल्या. गावातील एका स्त्रीची हकीगत या दुसऱ्या सांगण्याच्या जवळ जाणारी होती. मग पथकातले इतर पाच जण केरी यांच्या घरी जमले आणि सर्वांनी मिळून केरी यांच्या बाजूचे निवेदन काढले. सहा विरुद्ध एक असा हिशेब काहींनी मांडला. परंतु एका खोलीत बसून तयार केलेल्या सहा साक्षी मोजताना त्या सहा धरता येत नाहीत. पोलिसांच्या पंचनाम्यांशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. थान फाँगचा निर्णय आजही निःशंकपणे देता येत नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेला भाग मात्र उरतोच, आणि तो थोडा नाही: मूळ अहवालात 'शत्रू' म्हणून मोजलेली माणसे गावातील बायका-मुले होती.

जपानचे प्रकरण सर्वांत कटू आहे. युद्धकाळात आपण कोरियातील जेजू बेटावरून जपानी लष्करासाठी स्त्रिया जबरीने पकडून नेल्या, असे सेइजी योशिदा याने पुस्तकात आणि मुलाखतींत सांगितले. 'असाही शिम्बुन'ने १९८२ पासून त्याचे म्हणणे अनेकदा छापले. १९९२ मध्ये इतिहासकार इकुहिको हाता जेजूला जाऊन चौकशी करून आले. योशिदाला दुजोरा देणारे कोणी भेटले नाही. पत्राने लेख मागे घेतले ते ऑगस्ट २०१४ मध्ये. योशिदा तोवर मरण पावलेला होता. बावीस वर्षांचा हा उशीर जपानी उजव्यांच्या पथ्यावर पडला. सारी 'कम्फर्ट विमेन'ची कहाणीच बनावट आहे, अशी हाकाटी त्यांनी सुरू केली. वास्तविक किम हाक-सून या कोरियन स्त्रीने १९९१ मध्ये उघडपणे पुढे येऊन दिलेली साक्ष योशिदावर अवलंबून नव्हती. योशिमी योशिआकी या इतिहासकाराने १९९२ मध्ये संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातून शोधून काढलेली लष्करी कागदपत्रेही नव्हती. खोट्या साक्षीची चळवळीला गरजच नव्हती. तरीही ती सोडण्यास एवढी वर्षे लागली, कारण चूक मान्य केली तर शत्रूला फावेल, ही भीती. शेवटी शत्रूला फावले ते चूक मान्य न केल्यामुळे.

आणखी एका पुराव्याकडे या सर्व वादांत सर्वांत कमी लक्ष गेले. अमेरिकेत तीस वर्षे भांडण चालले ते सैनिकाने सांगितले खरे की खोटे यावर. ज्यांच्यावर अत्याचार झाले ते व्हिएतनामी शेतकरी हयात होते, पण त्यांना विचारायला जाणारे थोडे. 'टायगर फोर्स' या पथकाने १९६७ मध्ये क्वांग न्गाय आणि शेजारच्या प्रांतात महिनोन्महिने केलेल्या हत्यांची चौकशी लष्कराने १९७१ ते १९७५ या काळात केली, १८ सैनिकांनी गुन्हे केल्याचे नोंदविले, आणि एकावरही खटला भरला नाही. लष्कराच्या अन्वेषण खात्याचे एक माजी प्रमुख हेन्री टफ्ट्स यांनी आपल्याजवळ जपून ठेवलेल्या कागदांतून हे प्रकरण 'टोलेडो ब्लेड' या प्रांतीय वृत्तपत्राच्या हाती आले आणि ऑक्टोबर २००३ मध्ये छापले गेले. त्या पत्राचे वार्ताहर केवळ कागद आणि माजी सैनिक यांवर थांबले नाहीत. ते साँग व्हे नदीच्या खोऱ्यात गेले. भाताच्या शेतांत काम करणाऱ्या दहा म्हाताऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्याची नोंद अमेरिकी दप्तरात होती. त्यांतल्या मृतांना ज्यांनी पुरले, असे शेजारी खोऱ्यात अजून राहत होते.